लेकुरवाळ्यांचा डोह

आमच्या भिकुबाई अक्कासारखी कटकटी बाई भडगावच्या बाजारात दुसरी बसत नव्हती. मी तिची देराणी, म्हणजे धाकटी जाऊ आहे म्हणून म्हणत नाही, कुणालाही विचारा. गिऱ्हाईक तिच्या टोपलीपाशी वाकलं, खेकडा उचलून उलटा केला आणि पोटाखालची झडप बोटानं उघडायला लागलं, की अक्का त्याच्या हातावर फाडकन चापट मारायची. खरोखरची चापट. एकदा पोलीसपाटलालासुद्धा मारली होती.

"अंडावाली मियाव नही," ती म्हणायची. "मन्हा टोपलीमा तशी येसच नही."

गिऱ्हाईक म्हणायचं, अहो बाई, अंडीवालीचाच रस्सा गोड लागतो, जास्त पैसे घ्या पण द्या. मग अक्काचा आवाज चढायचा. "तुन्ही बायको पोटुशी व्हती तवय तू इकी टाकी का तिले?" सगळा बाजार फिदीफिदी हसायचा आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं नर खेकड्यांची माळ घेऊन चालू लागायचं. मी शेजारी फुटाणे विकायला बसायची. मला बाई लाज वाटायची. माझं माहेर धुळ्याचं, सातवीपर्यंत शिकलेली मी, असलं बोलणं आमच्या घरात नव्हतं. पण हळूहळू सवय झाली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली.

आम्ही भोई. भडगावच्या खाली गिरणेच्या काठाला आमची थोडी घरं आहेत, त्याला भोईवाडा म्हणतात. अक्काचा नवरा हिलाल थोरला, माझे मालक अभिमन धाकटे. हिलालभाऊंचा दमा वाढला तेव्हा जाळं ओढणं त्यांच्या हातून सुटलं, आणि अक्का खेकड्यांवर आली. उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटेपर्यंत गिरणा म्हणजे नुसती वाळू. मधे मधे डोह तेवढे राहतात. आमच्या घाटाखालचा डोह मोठा, काठाला दगड भरपूर, कडेच्या मातीत बिळं. अक्का पदर खोचून कोपरापर्यंत हात बिळात घालायची आणि खेकडा मागून धरून बाहेर काढायची. तिच्या बोटांवर चावे होते, जुने, नवे, पांढरे पडलेले. लग्नाकार्यात बांगड्या भरायला बसली की कासारीण विचारायची, बाई, हे काय करून घेतलंस?

तर अंडीवालीची ही कटकट तिला पहिल्यापासून नव्हती. ती लागली सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यानंतर. त्या साली पाऊस असा रुसला, की आमचा डोह परातीएवढा उरला. मजुरी नाही, शेतात काम नाही. मग काय, सगळे तुटून पडले डोहावर. भोईवाडा आला, भिल्ल वस्ती आली, पाटलाचे सालदार आले. लहान म्हटलं नाही, मोठं म्हटलं नाही, दगडाखालचं सगळं उचललं. आम्हीही उचललं. मी कशाला नाही म्हणू?

त्या दिवसांतलीच गोष्ट. अक्का चुलीपुढे खेकडे साफ करत होती. एका मादीची झडप तिनं ओढली तशी पोटाखालून पिल्लं सांडली. मसुरीच्या दाण्याएवढी, पण पुरी खेकडे, पाय हलवत ताटभर चालायला लागली. काही चुलीच्या वैलापर्यंत गेली आणि तिथं तडतडली. अक्का नुसती बघत बसली. मी म्हटलं, अगं टाक ना आधणात, रस्सा व्हायचाय. ती उठली आणि ताट तसंच घेऊन नदीवर गेली. त्या दिवशी आम्ही कोरडी भाकर खाल्ली, आणि हिलालभाऊंनी जो काही उद्धार केला तिचा, तो इथं सांगण्यासारखा नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गिरणेला पूर आला, वरून मासे आले, डोह काठोकाठ भरला. खेकडे मात्र आले नाहीत. मासा पुराबरोबर कुठूनही येतो. खेकड्याचं तसं नाही, तो ज्या दगडाखाली जन्मतो त्याच दगडाच्या आसपास मरतो. आई गेली की तिच्या पोटाखालची शंभर गेली. अक्का रोज दगड उलटायची आणि परत जागेवर ठेवायची. हाताला एखाद-दुसरा लागायचा. तेव्हा तिनं ठरवलं, की अंडीवाली आणि पिल्लांवाली सोडून द्यायची. स्वतः सोडायची आणि दुसऱ्यांनाही सोडायला लावायची.

स्वतः सोडणं सोपं होतं. दुसऱ्यांना कोण सांगणार? आमच्या शेजारी पुना भोई राहायचा. माणूस वाईट नाही, पण पोटाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकणारा नाही. तो अक्काला तोंडावर म्हणाला, "तू सोडशी, अन् खालना डोहवाला धरी लेई. मंग तुले काय मियनं?" खोटं काय होतं त्यात? आज अक्कानं सोडलेली मादी उद्या पुनाच्या टोपलीत दिसायची. अक्का तिला ओळखायची, भांडायची, आणि पुना म्हणायचा, हिच्यावर तुझं नाव लिहिलंय का?

हे मात्र अक्काच्या डोक्यात बसलं. नाव नाही, पण खूण करता येईल. आमच्याकडे नवसाचा बोकड सोडतात. त्याच्या गळ्यात लाल दोरा असतो. तो कुणाच्या ज्वारीत घुसो, कुणाच्या ओट्यावर चढो, कुणी त्याच्यावर काठी उगारत नाही. देवाचा आहे ना तो!

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी अक्का नदीवर गेली. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, घाटावर बायकांची गर्दी असते. त्या सगळ्या गर्दीत अक्कानं पाण्यात उभं राहून हळदकुंकू वाहिलं. एक अंडीवाली मादी ओंजळीत धरली, तिच्या नांगीच्या सांध्याला लाल दोरा बांधला आणि मोठ्यानं म्हणाली, "गिरणामाय मन्हा सपनमा उनी. बोलनी, ज्या पोटुश्या शेतस त्या मन्ह्या लेकुरवाळ्या. त्यासले हात लावानं नही." आणि मादी पाण्यात सोडली. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. पुनाची बायको तर तिथंच पाया पडली.

घरी आल्यावर मी तिला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, अक्का, खरंच आली का गं गिरणामाय?

"कशानी येस! मन्हा सपनमा येस तो फक्त पुना, टोपली लिसन."

मी हसून हसून खाली बसले. ती हसली नाही. तिला उभ्या जन्मात खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं, बाजारात मेलेला खेकडा जिवंताच्या माळेत ओवायची नाही ती. त्या दिवशी जेवली नाही. नंतर कितीतरी दिवस नदीत उतरताना आधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायची आणि काहीतरी पुटपुटायची. माफी मागत असणार.

पण दोरा चालला! काय चालला म्हणून सांगू. अक्का, मी, आमच्या पोरीबाळी, ज्याला अंडीवाली सापडेल तो दोरा बांधायचा आणि सोडायचा. पुनासुद्धा दोरा दिसला की चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचा. पाटलाचे सालदार यायचे बंद झाले. दुसऱ्या वर्षी दगडाखाली बारके खेकडे खच्चून दिसायला लागले, तिसऱ्या वर्षी टोपल्या भरायला लागल्या. नर भरपूर, मोठे, काळेभोर. पुनाच एकदा कबूल झाला, की बापाच्या काळात डोह असा होता. अक्का काठावर बसून पाय पाण्यात सोडायची आणि पिल्लं तिच्या बोटांना चिमटे घ्यायची, तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं असायचं. मी तिला तेवढं खूश तिच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नाही.

पोरीचंच सांगते आता. अक्काला एकच मुलगी, तिच्या बोलीत आंडेर, ती बेबा. फैजपूरला दिलेली. जावई मोतीलाल केळीच्या ट्रका भरायला जायचा, माणूस सरळ, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आई म्हणजे ताईबाई. काय ती बाई! बेबाला मूल होईना म्हणून तिनं घरात बोलणं टाकलं, मग जेवायला वेगळं ताट दिलं, मग शेजारणींसमोर म्हणायला लागली की दुसरी सून बघून ठेवलीय. बेबा आखाजीला माहेरी आली ती पेटी घेऊनच आली. झोक्यावर बसली नाही, गाणं म्हटलं नाही. ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

मागोमाग ताईबाईच आली. आम्हाला वाटलं, न्यायला आली. तिनं पाणी घेतलं आणि सरळ विषयाला हात घातला. म्हणाली, लेकुरवाळीच्या हातून ओटी भरली की कूस उजवते असं आपण मानतो. मग गिरणामायची स्वतःची लेकुरवाळी पोटातच गेली तर? तुमच्या डोहात आहेत म्हणे. एक माझ्या सुनेला खाऊ घाला. पाळणा हलला तर ती माझ्या घरची लक्ष्मी. नाहीतर दुसरी ठरवून ठेवली आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, अहो, देवाला सोडलेलं खायचं कसं? कोप नाही का होणार? तर ती शांतपणे म्हणाली, "नवसाचा बोकड आपण शेवटी खातोच ना? चोरून खाल्ला तर कोप. जिच्या स्वप्नात देवी येते तिच्या हातानं मिळाला तर प्रसाद."

खरंच की! नवसाचा बोकड वर्षभर गावात मिरवतो, आणि शेवटी देवळापुढे कापतातच त्याला. गावभर वाटे घालतात. त्याच्या गळ्यातला दोरा म्हणजे हात लावू नका एवढाच नसतो, वेळ आली की खा असाही असतो. आम्ही जन्मभर ते मटण खाल्लं होतं, आणि अक्कासकट कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. खरं बोलली असती, की देवी आलीच नाही, मीच थाप मारली, तर ताईबाई उठून दुसरी सून आणायला गेली असती. हिलालभाऊ खोकत खोकत म्हणाले, "एकच तर मागी राहिनी. दे टाकी." बेबा नुसती आईकडे बघत होती.

अक्का डोहावर गेली. दोरा बांधलेली एक मादी घेऊन आली. पाट्यावर तिनंच वाटली, काळ्या मसाल्यात तिनंच शिजवली, ताट वाढून बेबापुढे ठेवलं. बेबा रडत रडत जेवली. ताईबाई समोर बसून शेवटचा घास जाईपर्यंत बघत होती.

आणि बेबाला दिवस गेले.

आता याला काय म्हणायचं? सासूनं बोलणं सुरू केलं, ताटात दूधतूप वाढलं, नवऱ्याला जवळ येऊ दिलं, म्हणून गेले असतील. किंवा जायचेच होते. फाल्गुनात मुलगा झाला. ताईबाई वाजंत्री लावून आमच्या भोईवाड्यात आली. अक्काला लुगडं नेसवलं, डोहात खण-नारळ सोडला, घाटावर पेढे वाटले आणि भेटेल त्याला सांगत सुटली. अक्कानं नातू मांडीवर घेतला, त्याच्या तळपायाचा मुका घेतला आणि रडली. लोकांना वाटलं आनंदानं. आनंद होताच हो, कुणी नाही म्हणतंय? पण मी तिला ओळखते. ती डोहाकडे बघून रडत होती.

पुढच्या आखाजीला लोक आले. आधी पाचोऱ्याच्या दोघी, मग चोपड्याकडची एक सासू सुनेला घेऊन, मग तर टेम्पो भरभरून. सगळ्यांना दोऱ्यावाली पाहिजे. अक्का हाकलायची, शिव्या द्यायची, कुणाच्या अंगावर काठी घेऊन धावायची. ते उठून पुनाकडे जायचे. पुनाला म्हणतील तो भाव मिळत होता, आणि त्याला शोधायचीही गरज नव्हती. दोरा दुरूनच दिसायचा. इतकी वर्षं आम्ही बांधलेला एकेक दोरा त्याला वाट दाखवत होता. अक्का दिवस दिवस पाण्यात उभी राहून सापडेल त्या मादीचा दोरा दातानं तोडायला लागली. तर पुनानं स्वतःच लाल दोऱ्याची रिळं आणली. अंडी असलेली, नसलेली, कुठलीही मादी धरायची आणि बांधायचा दोरा.

शेवटी अक्का घाटावर उभी राहिली. मी तिच्याबरोबर होते. बाहेरगावच्या बायका ओट्या घेऊन रांगेत बसल्या होत्या. अक्का म्हणाली, "आयका ओ बायासहोन. मी खोटं बोलनू. गिरणामाय मन्हा सपनमा कधीच उनी नही."

कुणी हललं नाही. एक म्हातारी उलट म्हणाली, मग तुमचा नातू कुठून आला? दुसरी म्हणाली, स्वतःच्या लेकीचं भागलं, आता आम्हाला नाही म्हणते. एक तरणी पोर तर उठली आणि अक्काच्या पायांना मिठी मारून बसली, सोडेचना. तिच्या पाठीवर मारल्याचे वळ होते. अक्का तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी पुढे होऊन ओरडले, अगं खुळ्यांनो, ती खरं बोलतेय! मला कोण विचारतं?

दोन हंगामांत डोह निपटला. खेकडा म्हणून दिसेना. पुना केळीच्या बागेत पाणी धरायला गेला. अक्का माझ्याबरोबर फुटाणे विकायला बसू लागली, पण तिचा आवाज गेला होता. गिऱ्हाईकाशी भांडायचीही नाही. एवढं मात्र होतं, की घाटाच्या वरच्या अंगाला, जिथं वडाची मुळं पाण्यात उतरतात, तिथल्या एका बिळात एक मादी उरली होती. हे तिनं फक्त मला सांगितलं. पोटात अंडी होती. "ही वाची गयी तर परत व्हई बठ्ठं," म्हणाली; बठ्ठं, म्हणजे सगळंच. रोज दुरूनच बघून यायची. जवळ गेली नाही, कुणाला कळू नये म्हणून. मीही मनातल्या मनात देवाला म्हटलं, बाबा, एवढी एक राहू दे.

त्या आखाजीला बेबा आली. अंगावर सोनं, कडेवर पोरगं, तोंडावर तेज. चांगलं वाटलं तिला बघून. चहा झाला आणि ती म्हणाली, आई, माझ्या नणंदेला चार वर्षं झाली, काही नाही. तिचा नवरा तिला टाकायला निघालाय. एक दे ना.

अक्कानं तिला सगळं सांगितलं. स्वप्न, थाप, दोरा, सगळं. बेबा ऐकत राहिली आणि तिचं तोंड उतरलं. पोराला मांडीवर ओढून म्हणाली, आई, असं नको बोलूस, याला काही होईल. तिला ते खरं वाटणं शक्यच नव्हतं. अक्का आत भाकरी टाकायला गेली तेवढ्यात बेबा उठून नदीवर गेली. ती डोहावर वाढलेली पोर, आईच्या पाठोपाठ बिळात हात घालून मोठी झालेली. तिला कुणी वाट दाखवायची गरज नव्हती. परत आली तेव्हा हाताला दोन चावे होते आणि पदरात ती वडाखालची मादी.

अक्काच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "सोडी दे तिले, बेबा," ती म्हणाली. "हात जोडस मी तुले. शेवटली शे ती."

बेबा रडायला लागली. भांडत नव्हती, खरोखर रडत होती. "माय, मन्हाकरता तू एक मारीच ना? मंग तिन्हाकरता का बरं नही?"

मी वाट पाहत होते, की आता अक्का काहीतरी म्हणेल, ओरडेल, काठी घेईल. बाजारात पोलीसपाटलाला चापट मारणारी बाई ती! चूल धुमसत होती, तव्यावरची भाकरी करपली, तरी ती उभीच. मग तिनं हात धुतले. कोपऱ्यातलं मडकं घेतलं, तळाशी ओली वाळू घातली, वर शेवाळ घातलं. मादीला अलगद आत ठेवलं, झडपेला धक्का लागणार नाही अशी. तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि बेबाला म्हणाली, फैजपूरपर्यंत दोन गाड्या बदलाव्या लागतात, वाटेत फडक्यावर पाणी शिंपडत जा, उन्हाच्या बाजूला बसू नकोस.

बेबा गेल्यावर मी तिच्यावर धावूनच गेले. म्हटलं, का दिलीस? एवढी जपलीस आणि स्वतःच्या हातानं बांधून दिलीस?

"काय सांगू तिले?" अक्का म्हणाली. "मन्ही आंडेर आंडेर, अन् दुसरानी नही?"

नणंदेला मूल झालं नाही. तिच्या नवऱ्यानं तिला टाकलीच. ताईबाईचा निरोप आला, की भिकुबाईनं मुद्दाम नासकी दिली, आणि तेव्हापासून बेबाचं माहेरी येणं बंद झालं. नातू शाळेत जातो म्हणे आता. अक्कानं त्याला पुन्हा पाहिलेला नाही. डोहात पाणी आहे, मासे आहेत, दगड आहेत. अक्का अजून सकाळी जाऊन ते दगड उलटते आणि जागच्या जागी ठेवते. मी आता तिला काही विचारत नाही.